हुकूमशाहीत जगलेल्या कॅथलिक धर्मगुरूचं चरित्र कसं उभं करावं

नाझी छावणीत किंवा कम्युनिस्ट राजवटीत दिवस काढलेल्या धर्मगुरूबद्दल लिहायला बसलं की पहिली अडचण लगेच समोर येते: त्यांच्याविषयीचे बहुतेक कागद त्यांना छळणाऱ्यांनीच लिहिलेले असतात. गुपचूप केलेली मिस्सा (भाकर आणि वाइन अर्पण करून केलेली कॅथलिक उपासना), ऐकलेलं पापनिवेदन, आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र यांची नोंद सहसा सापडत नाही. ती ठेवली असती तर उद्या तीच पुरावा झाली असती, म्हणून सावध धर्मगुरू ती ठेवत नसत. उलट त्यांच्या दारात कोण आलं, प्रवचनात कोणतं वाक्य जोरात बोलले, हे गुप्त पोलिसांकडे तारीखवार मिळतं. ते वाचावंच लागतं. पण कागद कोणी, कशासाठी आणि कधी लिहिला हे ठरवल्याशिवाय त्यातलं एकही वाक्य चरित्रात उतरवू नये. इथे दिलेली पद्धत मुख्यतः १९३३ ते १९८९ या काळातल्या मध्य आणि पूर्व युरोपासाठी आहे.

आधी चर्चच्या कागदांतून सांगाडा

पोलिसांच्या फाइलला हात लावण्याआधी पाच रकान्यांचा तक्ता करा: घटनेची तारीख, ठिकाण, घटना, कोणत्या कागदावरून, आणि तो कागद कधी तयार झाला. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९४२ची एखादी घटना त्याच वर्षीच्या छावणीच्या कार्डावर, १९५०च्या पोलिसी जबाबात आणि १९९२च्या मुलाखतीत आली असेल, तर तक्त्यात तिच्या तीन ओळी हव्यात. तिघांची मिळून एक गुळगुळीत ओळ केली की कोणता तपशील कुठून आला हे पुन्हा कळत नाही.

पहिल्या ओळी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून घ्या. गुरुदीक्षा झाली की ती बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला, म्हणजे त्या स्थानिक चर्चला, कळवायची आणि मूळ नोंदीशेजारी टिपायची, अशी चर्चच्या कायद्याची शिस्त आहे. म्हणून दाखला न मागता समासासकट पूर्ण पानाचा फोटो मागा. टंकलिखित दाखल्यात समासातली ओळ बऱ्याचदा गळते. त्यानंतर धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या, छापील वार्षिक याद्या घ्या. त्यांना स्केमाटिझमुस म्हणतात. जन्मवर्ष, दीक्षावर्ष आणि त्या वर्षीची नेमणूक त्यांत मिळते. एकच अंक पाहून थांबू नका, ओळीने दहा-पंधरा वर्षांचे अंक लावा. नाव एकाएकी गायब झालं तर अटक, नजरकैद, हद्दपारी किंवा सरकारी परवाना काढून घेणं, यांपैकी काहीही झालेलं असू शकतं. ‘याजकपद सोडलं’ हा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

नावांचा तक्ता वेगळा करा. एकच माणूस लॅटिन नोंदवहीत योसेफुस, पोलिश कागदात युझेफ आणि जर्मन कार्डावर योसेफ असतो. आडनावातली पोलिश किंवा चेक खुणेची अक्षरं जर्मन टंकलेखकाच्या यंत्रावर नसायची, म्हणून तो जवळचं अक्षर ठोकायचा. गावांचंही तसंच: ब्रेस्लाऊ आणि व्रोत्सुआव एकच, कोव्नो आणि काउनास एकच. जन्म रशियन साम्राज्यातला असेल तर तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे का ते पाहा. १९व्या शतकातल्या तारखेत १२ दिवस आणि मार्च १९००पासूनच्या तारखेत १३ दिवस मिळवावे लागतात. जन्मतारखेत नेमका तेवढाच फरक दिसला, तर बहुतेक वेळा ती दोन माणसं नसून दोन पंचांगं असतात.

नाझी काळ: निकालपत्र शोधत बसू नका

गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, पकडलेल्या अनेक धर्मगुरूंवर खटला चाललाच नाही. ‘संरक्षक कोठडी’ नावाच्या पोलिसी हुकमाने माणूस थेट छावणीत जायचा. त्यामुळे न्यायालयाच्या अभिलेखागारात काही मिळालं नाही म्हणून अटक झालीच नाही असं होत नाही. शोधायचा तो कोठडीचा हुकूम, आणि त्याहून सोपी असतात छावणीची कार्डं. जर्मनीतल्या बाड आरोल्सन इथल्या आरोल्सन अभिलेखागारात लाखो कार्डं आहेत आणि त्यांचा मोठा भाग ऑनलाइन, विनामूल्य पाहता येतो. नावाची सगळी रूपं घालून पाहा, मग जन्मतारखेने पडताळा. कैद्याच्या क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका, कारण छावणी बदलली की क्रमांकही बदलायचा.

डिसेंबर १९४०पासून वेगवेगळ्या छावण्यांतले धर्मगुरू डाखाऊला गोळा करण्यात आले, म्हणून बहुतेक शोध तिथे येऊन पोचतात. तिथे नोंद झालेले धर्मसेवक सुमारे २,७२०. त्यांपैकी २,५७९ कॅथलिक, आणि एकट्या पोलंडचे १,७८०. मृत्यू १,०३४, त्यात पोलिश ८६८. बराकींचे क्रमांक २६, २८ आणि ३०. जानेवारी १९४१मध्ये २६ क्रमांकाच्या बराकीत प्रार्थनालय सुरू झालं, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून पोलिश धर्मगुरूंना ते बंद करण्यात आलं. त्यामुळे एखादे पोलिश फादर १९४२मध्ये तिथल्या वेदीपुढे रोज उभे राहत, असं कुठे लिहिलेलं दिसलं तर थांबा. ते लपून कुठेतरी मिस्सा करत असतील आणि सांगणाऱ्याने दोन जागा एक केल्या असतील.

मृत्यूची तारीख हा डाखाऊच्या कागदांतला सर्वांत मोठा सापळा आहे. १९४२मध्ये ‘अपंगांची रवानगी’ या नावाखाली कैद्यांना ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमला नेऊन विषारी वायूने मारलं गेलं. त्यांत पुष्कळ पोलिश धर्मगुरू होते. घरच्यांना गेलेल्या पत्रात आजाराचं नाव आणि खोटी तारीख असायची. कार्डावर रवानगीचा शेरा दिसला, तर चरित्रात रवानगीची तारीख लिहा आणि घरी कळवलेली तारीख वेगळी द्या. त्यांच्या थडग्यावर किंवा स्मृतिफलकावर खोटी तारीख कोरलेली असली, तरी ती खरी होत नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या टायफसच्या साथीचं वेगळं आहे. त्या बराकींत काही धर्मगुरू आपणहून शुश्रूषेला गेले. त्यांच्यापैकी स्तेफान विन्सेंटी फ्रेलिखोव्स्की २३ फेब्रुवारी १९४५ला आणि एंगेल्मार उन्झाइटिग २ मार्च १९४५ला वारले. अशा मृत्यूंना सोबत्यांच्या साक्षी मिळतात. त्या आवर्जून शोधाव्यात, कारण ‘टायफसने मृत्यू’ एवढ्या नोंदीत ते तिथे स्वतःच्या पायांनी गेले होते हे येत नाही.

छावणीतली पत्रं छापील कागदावर, जर्मन भाषेत आणि तपासून जात. महिन्याला दोन, असा नियम होता. ‘मी ठणठणीत आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात येतं, त्यावरून प्रकृती ठरवू नका. पाहायचं ते हस्ताक्षर: तेच आहे की दुसऱ्याने लिहून दिलंय, ओळी कधीपासून वाकड्या झाल्या, कोणत्या महिन्याचं पत्रच नाही. १९४२च्या अखेरीस खाऊची पार्सलं घ्यायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यानंतरच्या पत्रांत पार्सलाची पोच येऊ लागते. पोच देताना मागितलेल्या वस्तूंवर नजर ठेवा.

कम्युनिस्ट काळ: निकालपत्र असतं, पण तेवढंच नसतं

इथे खटले भरपूर झाले. सोव्हिएत निकालात कलम ५८ दिसेल. त्यातलं पोटकलम १० म्हणजे सोव्हिएतविरोधी प्रचार, ११ म्हणजे संघटना, ६ म्हणजे हेरगिरी. रोमशी पत्रव्यवहार म्हणजे ‘व्हॅटिकनची हेरगिरी’, असं गणित सर्रास मांडलं जाई. चेकोस्लोव्हाकियात १९४९च्या २१८ क्रमांकाच्या कायद्याने धर्मगुरूंचा पगार सरकारकडे गेला आणि काम करायला सरकारी संमती लागू लागली. संमतीशिवाय मिस्सा केली तर १९६१च्या दंडसंहितेचं कलम १७८ तयार होतं. मूळ खटल्याची फाइल सापडत नसेल तर पुनर्वसनाची, म्हणजे जुना निकाल नंतर रद्द केल्याची, फाइल मागा. चेकोस्लोव्हाकियात ती १९९०च्या ११९ क्रमांकाच्या कायद्याखाली तयार झालेली असते. जुना निकाल, कलमं आणि मूळ फाइलचा क्रमांक त्यात एकत्र मिळण्याची शक्यता मोठी असते.

पण तिथेही पुष्कळ जण खटल्याविना आत होते. १३-१४ एप्रिल १९५०च्या रात्री चेकोस्लोव्हाकियातल्या पुरुषांच्या मठांवर एकाच वेळी छापे पडले आणि संन्यासी ठरावीक मठांत डांबले गेले. झेलिव्हचा मठ १९५६पर्यंत तसाच वापरला गेला. तरुण संन्यासी आणि सेमिनरीतली (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातली) मुलं सैन्याच्या बिनहत्यारी मजूर पलटणींत गेली. म्हणून लष्करी नोंदी बघायला विसरू नका. पोलंडमध्येही सेमिनरीतल्या मुलांना मुद्दाम सैन्यात ओढत आणि त्यांच्या वेगळ्या तुकड्या करत. १९८४मध्ये मारले गेलेले फादर येझी पोपिएउश्को १९६६ ते १९६८ अशा तुकडीत बार्तोशित्से इथे होते.

संमती काढून घेतलेल्यांचा माग नोकरीच्या आणि पेन्शनच्या कागदांत लागतो. नंतर प्रागचे आर्चबिशप झालेले मिलोस्लाव व्ल्क १९७८ ते १९८६ प्रागमध्ये खिडक्या पुसत होते. त्यांच्यानंतरचे दोमिनिक दुका पिल्झेनच्या श्कोडा कारखान्यात आराखडे काढत होते. २७व्या वर्षी गुपचूप बिशप झालेले स्लोव्हाकियाचे यान कोरेत्स कामगार होते. ‘रात्रपाळीचा पहारेकरी’ अशी नोंद दिसली की ती पुढे ढकलू नका. कुठल्या पाळीत काम होतं यावरून माणसांना भेटायला, शिकवायला आणि मिस्सा करायला वेळ कधी मिळे, ते निघतं.

एक युक्ती फार थोडे वापरतात. गुप्त पोलिसांखेरीज प्रत्येक देशात धर्मसंस्थांवर देखरेख करणारं एक साधं सरकारी कार्यालय होतं. चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, पोलंड सगळीकडे होतं, आणि सोव्हिएत संघात प्रांतोप्रांती धर्मविषयक प्रतिनिधी असे. त्यांचे कागद सामान्य सरकारी अभिलेखागारांत असतात, त्यांवर निर्बंध कमी असतात आणि पोलिसी कागदांइतकी छाटणीही झालेली नसते. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला किती मुलं होती, कोणती मिरवणूक नाकारली, कोणत्या फादरांची बदली मागितली, हे तिथे रोखठोक मिळतं. आमच्या मते चर्चच्या कागदांनंतर सरकारी कागदांचा शोध इथूनच सुरू करावा आणि पोलिसांकडे नंतर जावं.

पोलिसांच्या कागदांचे पत्ते देशागणिक वेगळे आहेत. पोलंडमध्ये राष्ट्रीय स्मृती संस्था, पूर्व जर्मनीसाठी तिथल्या गुप्त पोलिसांचे, म्हणजे स्टासीचे कागद (२०२१पासून ते जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागारात आहेत), चेक देशात सुरक्षा दलांचं अभिलेखागार, लिथुआनियात व्हिल्नियसचं विशेष अभिलेखागार. अर्जात पूर्ण नाव, नावाची पर्यायी रूपं, जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव आणि मृत्यूचा पुरावा द्या. सोव्हिएत कागदांत वडिलांच्या नावाशिवाय माणूस ओळखणं कठीण जातं. लिथुआनियासाठी आणखी एक मोलाचा साठा आहे: १९७२ ते १९८९ या काळात गुपचूप टंकून पसरवलेल्या लिथुआनियन कॅथलिक चर्चच्या वृत्तांताचे ८१ अंक. दंड, झडत्या, चौकश्या त्यात गावासकट आणि नावासकट आहेत, आणि त्याच काळात चर्चच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. त्याचे संपादक फादर सिगितास ताम्केविच्युस १९८३मध्ये पकडले गेले, तरी अंक थांबले नाहीत. पोलिसी नोंद आणि हा वृत्तांत शेजारी ठेवून वाचण्याइतका चांगला सराव दुसरा नाही.

व्हॅटिकनच्या अभिलेखागारात बारावे पायस यांच्या काळाचे, म्हणजे १९५८पर्यंतचे कागद २ मार्च २०२०पासून संशोधकांना खुले आहेत. त्यानंतरच्या काळासाठी तिथे अडून राहू नका. धन्य किंवा संत घोषित करण्याची प्रक्रिया झाली असेल तर तिचा छापील ग्रंथ, ‘पोझिसिओ’, मिळवा. साक्षी आणि कागदपत्रं त्यात एकत्र असतात. मात्र तो एका बाजूची मांडणी करायला रचलेला असतो हे लक्षात ठेवा. त्यातली साक्ष घ्या, विशेषणं घेऊ नका.

जबाब कसा वाचावा

चौकशीचा जबाब प्रश्नोत्तरांत असला तरी तो अधिकाऱ्याने लिहिलेला असतो. धर्मगुरूच्या तोंडी ‘माझी बेकायदा कारवाई’, ‘प्रतिगामी पाद्री’ असे शब्द आले की ती अधिकाऱ्याची भाषा आहे. ती अवतरणात घालून ‘फादर म्हणाले’ असं लिहिणं म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं आहे. ‘जबाबात असं नोंदवलं आहे’ इतकंच लिहा.

मग घड्याळ पाहा. सोव्हिएत जबाबांच्या माथ्यावर चौकशी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ बऱ्याचदा असते. रात्री साडेदहाला सुरू, पहाटे चारला समाप्त, आणि कागद दीड पान! साडेपाच तासांत दीड पान भरत नाही. उरलेले तास कुठे गेले, हा प्रश्न चरित्रात मांडायलाच हवा. सगळ्या जबाबांच्या वेळा एका ओळीत लिहिल्या की झोप कोणत्या आठवड्यात मोडली ते दिसतं, आणि कबुली नेमकी त्यानंतर आलेली असते का ते तपासता येतं. सह्या लागोपाठच्या तारखांना शेजारी ठेवून बघा. अटकेचा हुकूम प्रत्यक्ष अटकेनंतरच्या तारखेचा आहे का तेही पाहा.

मृत्यूच्या कागदावर तर नावही खोटं असू शकतं. चीहोश्तचे फादर योसेफ तोउफार यांच्या चर्चमधला क्रूस डिसेंबर १९४९मध्ये प्रवचन चालू असताना हलला, असं लोकांनी सांगितलं. २८ जानेवारी १९५०ला त्यांना उचललं, वाल्दित्सेच्या तुरुंगात मारहाण करून ‘हे सोंग मीच रचलं’ अशी कबुली हवी होती, आणि २५ फेब्रुवारीला ते प्रागमध्ये वारले. दवाखान्यात आणताना आणि पुरताना त्यांचं नाव बदललेलं होतं, आणि दफन झालं प्रागच्या द्याब्लित्से स्मशानात, सामूहिक खड्ड्यात. अवशेष २०१४मध्ये सापडले आणि पुढच्या वर्षी गावी परतले. म्हणून मृत्यू तुरुंगातला असेल आणि नावाने काही मिळत नसेल, तर त्या तारखांच्या आसपास, त्या वयाच्या, त्याच आद्याक्षरांच्या माणसांच्या दफननोंदी चाळा.

‘खबऱ्या’ हा शिक्का

फाइल आहे म्हणजे माणूस खबऱ्या होता, ही सर्वांत क्रूर आणि सर्वांत सामान्य चूक. पोलंडच्या सुरक्षा सेवेने १९६३पासून प्रत्येक धर्मगुरूची फाइल ठेवली, सेमिनरीत पाऊल टाकल्यापासून. १९८९मध्ये त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या. म्हणजे फाइल असणं हा गुन्हा नाही, आणि नसणं हे निर्दोषपणाचं प्रमाणपत्रही नाही. शब्द नीट वाचा. पोलिश कागदात ‘फिगुरांट’ म्हणजे ज्याच्यावर पाळत आहे तो. ‘उमेदवार’ म्हणजे ज्याला गळाला लावायचा विचार होता तो, ज्याला त्याची कल्पनाही नसेल. प्रत्यक्ष सहकार्य म्हणायला आम्ही तीन गोष्टी मागतो: सही केलेलं वचनपत्र, स्वतःच्या हाताचे अहवाल किंवा पैशांच्या पावत्या, आणि त्या माहितीवरून पुढे कुणाचं काही बिघडल्याची दुसऱ्या कागदातली खूण. तीनपैकी एकच असेल तर जे आहे तेवढंच लिहा. नुसतं नोंदणीकार्ड असेल तर नाव छापू नका. अधिकाऱ्यांनाही आकडे दाखवायचे असत, आणि त्यासाठी गप्पांचा ‘अहवाल’ होई.

खरोखरीच्या तडजोडी मात्र लपवू नका. सरकारधार्जिण्या शांतता-संघटनांत बरेच धर्मगुरू गेले: चेकोस्लोव्हाकियात १९५१पासून एक, १९७१पासून ‘पाचेम इन तेरिस’. रोमने मार्च १९८२मध्ये अशा राजकीय संघटनांना मनाई केली. त्यामुळे सदस्यत्व कधी घेतलं आणि कधी सोडलं याच्या तारखा महत्त्वाच्या. १९७२चा सदस्य आणि १९८५चा सदस्य एकाच मापाने तोलता येत नाहीत. सही करून गावातली शाळा किंवा सेमिनरी वाचली का, हेही शोधा.

कोठडीतली मिस्सा: साक्ष पारखायची कशी

आठवणींत सर्वांत जास्त भर इथेच पडते, म्हणून नियम माहीत हवेत. गव्हाची भाकर आणि द्राक्षाची, न नासलेली वाइन, दोन्ही हवंच. प्रमाण कितीही थोडं चालतं. व्हिएतनामचे बिशप न्गुयेन व्हान थुआन १९७५मध्ये पकडले गेले. त्यांनी पोटाचं औषध म्हणून वाइन मागवली आणि तळहातावर तीन थेंब वाइन, एक थेंब पाणी घेऊन ते मिस्सा करत. पार्सलातल्या मनुका पाण्यात भिजवून आंबवलेली वाइनही चालते, पण तिला दिवस लागतात. मनुका सकाळी आल्या आणि संध्याकाळी मिस्सा झाली, असं सांगितलं तर मधला भाग विसरलेला आहे. मिस्सेच्या वेळेवरही लक्ष ठेवा. १९५३पर्यंत मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा न पिता उपास धरायचा असे, म्हणून त्याआधीच्या आठवणीत संध्याकाळची मिस्सा आली तर छावणीसाठी विशेष सवलत होती का ते विचारा. मिस्सा पाठ कशी होती, याचं आश्चर्य नको. लॅटिन पाठ रोजचा होता.

लपून दिलेल्या गुरुदीक्षेला नोंदवही नसते. डाखाऊत १७ डिसेंबर १९४४ला फ्रेंच बिशप गाब्रिएल पिगे यांनी क्षयाने खंगलेल्या कार्ल लाइस्नरना दीक्षा दिली, तेव्हा परवानगीची पत्रं चोरून आत आणली गेली होती. बाकीच्यांना एवढंही जमलं नाही. तिथे दीक्षा देणारा बिशप, हजर साक्षीदार आणि नंतर धर्मप्रांताने दिलेली मान्यता, अशी साखळी जोडावी लागते.

माणसांशी बोलताना

सगळ्यात वयस्कर साक्षीदारापासून सुरू करा आणि कागद दाखवण्याआधी पूर्ण बोलू द्या. कागद आधी दाखवला की माणूस कागदच सांगू लागतो. ‘फादर शूर होते ना?’ असा प्रश्न नको. दार कोणी उघडलं, तुम्ही कुठे बसला होता, वाइन कोणत्या भांड्यात होती, खिडकीला काय लावलं होतं, असे प्रश्न विचारा. छापील पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी आली तर हळूच विचारा की हे पाहिलं की वाचलं. पापनिवेदनात काय बोललं गेलं, याबद्दल कधीही विचारू नका, सांगू लागले तरी नोंदवू नका. ज्यांच्या घरात मिस्सा होई त्यांच्या मुलानातवंडांकडे जरूर जा. शिक्षण आणि नोकरी त्यांचीही गेलेली असते.

अभिलेखागाराने ‘काही आढळलं नाही’ असं कळवलं तर तिथे थांबू नका. कोणत्या याद्या, कोणत्या वर्षांच्या, नावाच्या कोणत्या रूपाने पाहिल्या हे लेखी विचारा, आणि दुसऱ्या अर्जात सहकैद्याचं, त्याच खटल्यातल्या आरोपीचं किंवा धर्मग्रामाचं नाव द्या. एकट्याच्या नावाने न सापडलेला माणूस सामूहिक खटल्याच्या फाइलमध्ये, पंधराव्या किंवा विसाव्या क्रमांकाचा आरोपी म्हणून सापडतो.